न विरघळणारे क्षार आणि आपलं पाणी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्यांच्या नावानं बोलायचं तर विषय प्रयोगशाळेतला हवा आणि तो गावच्या विहिरीपर्यंत पोचणारा हवा, असं मला वाटलं. म्हणून आज मी एका अगदी शालेय प्रश्नावर बोलणार आहे: कोणते क्षार पाण्यात विरघळतात आणि कोणते विरघळत नाहीत?

सभागृहात ज्यांनी विज्ञान शाखा घेतली होती, त्यांना तो तक्ता आठवत असेल. सगळी नायट्रेटं विरघळतात. सोडियम, पोटॅशियम आणि अमोनियम यांचे जवळजवळ सगळे क्षार विरघळतात. क्लोराइडं विरघळतात, मात्र चांदी, शिसं आणि एकसंयुजी पारा यांची नाही. सल्फेटं विरघळतात, पण बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि शिसं यांची नाही, कॅल्शियमचं जेमतेम. कार्बोनेटं आणि फॉस्फेटं बहुतेक विरघळत नाहीत. या तक्त्याबद्दल मला आदर आहे. १८४१ मध्ये जर्मनीत फ्रेझेनियस यांनी गुणात्मक विश्लेषणाचं पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या पिढ्यांनी प्रयोगशाळेत अनोळखी क्षार ओळखले ते याच पद्धतीनं. हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर पांढरा साका बसला तर चांदी, शिसं किंवा पारा. तो साका गरम पाण्यात विरघळला तर शिसं. एकेक धातू न विरघळणाऱ्या रूपात पकडायचा, गाळून बाजूला काढायचा आणि पुढे जायचं. सगळं गाळून झाल्यावर शेवटी सोडियम उरतं, कारण त्याला खाली बसवणारा साधा जोडीदार जवळजवळ नाहीच. मग त्याची ओळख ज्योतीच्या पिवळ्या रंगावरून पटवायची.

माझं म्हणणं एवढंच आहे, की तक्त्यात जिथे ‘अविद्राव्य’ लिहिलेलं असतं तिथे खरं तर एक आकडा असतो, आणि तो कधीच शून्य नसतो. शिवाय तो आकडा त्या क्षाराचा एकट्याचा नसतो. पाण्यात त्याच्यासोबत आणखी कोण आहे, त्यानुसार तो बदलतो. या दोन गोष्टी आपण परीक्षेनंतर विसरून गेलो, आणि त्यांचा संबंध आपल्याच राज्यातल्या अनेक माणसांच्या दातांशी आणि हाडांशी आहे.

आधी क्षार विरघळतो म्हणजे काय होतं ते पाहू. मिठाच्या खड्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. एक मोल मीठ, म्हणजे सुमारे साडेअठ्ठावन्न ग्रॅम, आयनांमध्ये पूर्ण सुटं करायचं तर ७८७ किलोजूल ऊर्जा लागते. ही फार मोठी किंमत आहे. पाणी ती चुकती करतं. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन आणि दुसरी किंचित ऋण असते; असे रेणू प्रत्येक आयनाभोवती गोळा होतात आणि त्यातून जवळपास तेवढीच ऊर्जा परत मिळते. सोडियम क्लोराइडच्या बाबतीत तूट राहते ती जेमतेम ४ किलोजूलची, आणि आयन पाण्यात मोकळे विखुरले गेल्यामुळे जी अव्यवस्था वाढते, ती एवढी तूट सहज भरून काढते. म्हणून लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ मावतं. चांदीच्या क्लोराइडमध्ये ही तूट ६५ किलोजूलच्या आसपास जाते, आणि लिटरमध्ये सुमारे २ मिलिग्रॅमच विरघळतं. वजनाच्या हिशेबानं हा जवळपास दोन लाख पटींचा फरक झाला.

यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी होऊन एक लहानसा आकडा उरतो आणि सगळा निकाल त्यावर लागतो. मोठ्या आकड्यांत शंभरात पाच-सात इतका फरक पडला तरी विरघळणारा क्षार न विरघळणारा होतो. एकाच सूत्रातून सगळी उत्तरं काढता येत नाहीत आणि विद्यार्थ्यांना तक्ता पाठ करावा लागतो, त्याचं कारण हेच.

तरीही पाठांतरामागे काही अर्थ सापडतो, तो आयनांच्या आकारात. लहान आयनाला लहान जोडीदार मिळाला किंवा मोठ्याला मोठा, तर वाटीवर वाटी बसावी तशी त्यांची रचना बसते आणि पाण्याला ती सहजासहजी सोडवता येत नाही. जोडी विजोड असली की क्षार विरघळतो. लिथियम आणि फ्लोराइड दोन्ही लहान. लिथियम फ्लोराइड लिटरला दीड ग्रॅमही विरघळत नाही. सीझियम मोठा, त्याचं फ्लोराइड लिटरभर पाण्यात साडेतीन किलोच्या वर जातं. मॅग्नेशियम लहान आणि सल्फेट मोठं, म्हणून मॅग्नेशियम सल्फेट सहज विरघळतं. बेरियम मोठं आणि सल्फेटही मोठं, तिथे लिटरमध्ये अडीच मिलिग्रॅमही जात नाहीत. हायड्रॉक्साइड लहान असल्यानं तिथे हाच क्रम उलटतो. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपासच विरघळतं, आणि म्हणूनच मिल्क ऑफ मॅग्नेशिया पोटात सौम्यपणे काम करू शकतं. बेरियम हायड्रॉक्साइड मात्र लिटरला ४० ग्रॅमच्या आसपास विरघळतं. हा नियम सगळीकडे लागू पडत नाही, विशेषतः चांदी आणि शिसं त्याला जुमानत नाहीत. पण पाठ केलेल्या ओळींमागे काही कारण आहे हे कळलं की विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो, हे मी वर्गात पुष्कळदा पाहिलं आहे.

आता मिठागराकडे येऊ. उरण, पेण, पालघर या पट्ट्यात मिठागरात काम करणारी माणसं कुठलाही तक्ता न पाहता विद्राव्यतेचं शास्त्र रोज वापरत आली आहेत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हानं पाणी आटू लागलं की सर्वांत आधी तळाशी बसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, तेही थोडंसं. पाणी मूळच्या साधारण एक पंचमांश उरलं की जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, खाली येऊ लागतं. खाण्याचं मीठ बसतं ते त्याहून कितीतरी नंतर, पाणी मूळच्या जवळपास एक दशांश राहिल्यावर. १८४९ मध्ये उसिग्लिओ नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं भूमध्य समुद्राचं पाणी आटवून हा क्रम मोजला होता. मिठागरात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडतात ते याच क्रमासाठी: जिप्सम आधीच्या वाफ्यांत राहावं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ चांगलं यावं. मीठ बसून गेल्यावर उरतं ते मॅग्नेशियमनं भरलेलं कडवट पाणी. ते वेळेवर काढून टाकलं नाही तर मीठ कडू होतं आणि पावसाळी हवेत त्याला पाणी सुटतं, कारण मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा खेचून घेतं. कोणत्या घडीला पाणी काढायचं हे डोळ्यांनी आणि जिभेनं ओळखणारी माणसं आज कमी होत चालली आहेत, आणि त्यांचं ज्ञान कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही याची मला खंत आहे.

समुद्राच्या या क्रमातली एक गोष्ट लक्षात ठेवा, तिचा पुढे उपयोग होणार आहे. समुद्रात कॅल्शियम जास्त आणि बायकार्बोनेट कमी असतं. कार्बोनेट खाली बसताना दोघंही खर्च होतात, पण बायकार्बोनेट आधी संपतं. कॅल्शियम शिल्लक राहतं, आणि म्हणूनच पुढे त्याचं जिप्सम होतं.

लोणारला याच्या उलट होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर उल्कापातानं बेसॉल्टमध्ये झालेल्या विवरात आहे. पाणी आत येतं पण बाहेर जायला वाट नाही. बेसॉल्ट झिजून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियमपेक्षा बायकार्बोनेट अधिक असतं. पाणी आटताना कॅल्शियम कार्बोनेट खाली बसत राहतं, आणि या वेळी कॅल्शियम आधी संपतं. सोडियम आणि कार्बोनेट उरतात, पाणी सोड्यासारखं अल्कधर्मी होतं, आणि एके काळी तिथून सोडा काढलाही जात असे. १९७० मध्ये हार्डी आणि यूग्स्टर या भूरसायनशास्त्रज्ञांनी हा विचार नेमका मांडला: बंदिस्त खोऱ्यातल्या पाण्याचं पुढे काय होणार हे त्या पहिल्या, जवळजवळ न विरघळणाऱ्या क्षारावर ठरतं. सुरुवातीला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांपैकी कोण किंचित जास्त होतं, त्यावर शेवटी सरोवर जिप्समचं होतं की सोड्याचं. लिटरला जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळणारा एक क्षार सबंध सरोवराचं रूप ठरवतो.

‘अविद्राव्य’ म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो. वैद्यकात त्यावर भिस्त ठेवावी लागते. बेरियम विषारी आहे, तरी आतड्याचा एक्स-रे काढण्यापूर्वी रुग्णाला बेरियम सल्फेटचं दाट पांढरं पेय देतात, कारण ते ना पाण्यात विरघळतं ना जठरातल्या आम्लात. बेरियम कार्बोनेटही तक्त्यात अविद्राव्यच आहे. पण कार्बोनेटला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बेरियम मोकळं होतं. सल्फेट हे तीव्र आम्लाचं अपत्य असल्यानं ते जठराला दाद देत नाही. २००३ साली ब्राझीलमध्ये तपासणीसाठी दिलेल्या बेरियम सल्फेटमध्ये बेरियम कार्बोनेट मिसळलेलं होतं, आणि रुग्ण दगावले. रंग तोच पांढरा, आणि तक्त्यातला शेराही तोच.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर हे याचं दुसरं उदाहरण. तिथे घरोघरी शिशाचे जुने नळ होते. आतल्या बाजूनं शिशाच्या न विरघळणाऱ्या क्षारांचं पातळ पुट धरलेलं असतं, आणि ते टिकावं म्हणून पाण्यात थोडं फॉस्फेट घालतात. एप्रिल २०१४ मध्ये शहरानं पाण्याचा स्रोत बदलला. नव्या नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होतं, आणि फॉस्फेट घालणं थांबलं. पुटं सुटली आणि शिसं मुलांच्या रक्तात पोचलं. पुटातला क्षार तोच राहिला होता. बदलली ती पाण्यातली त्याची संगत.

आता मी ज्यासाठी आलो त्या गोष्टीकडे वळतो.

कॅल्शियम फ्लोराइड हे खनिज म्हणून फ्लोराइट या नावानं ओळखतात. कुठल्याही तक्त्यात ते अविद्राव्य लिहिलेलं सापडेल. त्याचा आकडा आहे लिटरला सुमारे १६ मिलिग्रॅम, आणि त्यातलं फ्लोराइड ८ मिलिग्रॅमच्या जवळपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा आहे लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे हा न विरघळणारा क्षार शुद्ध पाण्यात मर्यादेच्या पाच ते आठ पट फ्लोराइड सोडू शकतो. १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या फ्लोरोसिसची, म्हणजे जास्त फ्लोराइडमुळे होणाऱ्या आजाराची, नोंद प्रसिद्ध केली. आधी दातांवर पिवळे-तपकिरी डाग, मग सांधे आखडणं, मग पाठीचा कणा ताठ होऊन मान वळेनाशी होणं. महाराष्ट्रात चंद्रपूर आणि यवतमाळच्या भागांत, नांदेडच्या काही तालुक्यांत हा त्रास गावोगाव माहीत आहे.

भूजलात नेमकं काय घडतं? कॅल्शियमचं प्रमाण गुणिले फ्लोराइडच्या प्रमाणाचा वर्ग, या गुणाकाराला एक कमाल मर्यादा असते. ती ओलांडली की कॅल्शियम फ्लोराइड खाली बसतं. आता हिशेब करून पाहू. २५ अंश सेल्सियसला पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल तर फ्लोराइड फार तर सव्वादोन मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. कॅल्शियम ४० असेल तर साडेतीन. कॅल्शियम ४ मिलिग्रॅमवर आलं तर फ्लोराइड ११ पर्यंत चढू शकतं. प्रत्यक्षात खडकात फ्लोराइड किती आहे त्यावर पाणी या मर्यादेपर्यंत पोचेल की नाही हे ठरतं, पण मर्यादा उठवण्याचं काम कॅल्शियमची गैरहजेरी करते.

मग कॅल्शियम जातं कुठे? लोणारला गेलं तिथेच. खोलवरचं पाणी वर्षानुवर्षं खडकाच्या संगतीत राहतं, त्यात बायकार्बोनेट वाढतं, कॅल्शियम कार्बोनेट खडकाच्या भेगांत बसत राहतं. शिवाय चिकणमाती कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. एक न विरघळणारा क्षार खाली बसतो, आणि त्यामुळे दुसऱ्या न विरघळणाऱ्या क्षाराला विरघळण्याची मुभा मिळते. उथळ विहीर आटली म्हणून गाव बोअर खोल खोल नेतं, आणि खोलवर नेमकं असं पाणी लागण्याचा संभव वाढतो.

या पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती त्याच्या चांगुलपणाची. कॅल्शियम कमी म्हणजे पाणी हलकं. साबणाला फेस येतो, डाळ लवकर शिजते, हंड्याला पांढरी पुटं धरत नाहीत, चहा चांगला होतो. घरातल्या बाईनं पिढ्यान्‌पिढ्या ज्या खुणांवरून पाणी पारखलं, त्या सगळ्या खुणा हे पाणी उत्तम असल्याचं सांगतात. पलीकडच्या जड, मचूळ पाण्याच्या विहिरीला नाव ठेवून लोक या बोअरवर रांग लावतात. त्या पारखीत चूक काहीच नाही. डाळीला कॅल्शियमचा अडथळा होतो हे खरंच आहे. पण फ्लोराइडला चव नाही, वास नाही, रंग नाही, आणि ते ओळखायला जिभेकडे काही साधन नाही. प्रत्येक हलकं पाणी वाईट असतं असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. पावसाचं साठवलेलं पाणी हलकंच असतं आणि ते उत्तम. खोल बोअरचं हलकं पाणी मात्र तपासल्याशिवाय मुलांना देऊ नये. आणखी एक सांगतो, कारण हे मला वारंवार विचारलं जातं: घरी बसवायचा सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, फ्लोराइड काढत नाही.

उपायांत कॅल्शियम वाढवून भागत नाही, हे वरच्याच हिशेबातून दिसतं. १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असूनही फ्लोराइड दोनच्या वर राहू शकतं. म्हणून चुन्याच्या जोडीला आणखी एक क्षार लागतो. नागपूरच्या नीरी या संस्थेनं विकसित केलेली नळगोंडा पद्धत याच विचारावर उभी आहे. आज तेलंगणात असलेल्या नळगोंडा जिल्ह्याच्या नावानं ती ओळखली जाते. पाण्यात चुना, तुरटी आणि थोडी ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं. तुरटीतल्या अॅल्युमिनियमचे हायड्रॉक्साइडचे मऊ पुंजके होतात, ते फ्लोराइडला चिकटवून घेतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी गाळून घ्यायचं. वीज लागत नाही, वस्तू बाजारात मिळतात. पण हे पुंजके सामू सहा ते सात यांच्या आसपासच न विरघळणारे राहतात. चुना जास्त झाला किंवा तुरटी जास्त झाली की अॅल्युमिनियम स्वतःच पाण्यात उतरतं. पाण्याच्या टाकीजवळ लावलेल्या फलकावर चुन्या-तुरटीचं एकच प्रमाण सगळ्या गावांसाठी लिहून चालत नाही. प्रत्येक स्रोताचं पाणी पाहून ते ठरवावं लागतं. आहारातल्या कॅल्शियमचाही आधार आहे. दूध, नाचणी, तीळ जेवणात असले तर आतड्यात काही फ्लोराइड कॅल्शियमला बांधलं जाऊन शरीराबाहेर जातं. ज्या घरात मुलाला दूध मिळत नाही तिथेच या पाण्याचा मार सर्वांत जास्त बसतो.

आणि तळाशी बसलेला तो गाळ! तो टाकीमागच्या नाल्यात टाकून दिला जातो, कारण तो न विरघळणारा आहे अशी समजूत असते. त्याचा सामू बदलला की त्यातलं फ्लोराइड पुन्हा सुटतं आणि पावसाबरोबर जमिनीत परतीच्या वाटेला लागतं. त्यासाठी अस्तर लावलेला, वरून झाकलेला खड्डा हवा, आणि त्याचा खर्च योजनेच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरायला हवा.

इथे अनेक ग्रामपंचायतींचे सदस्य आणि शिक्षक बसले आहेत. तुमच्या गावच्या पाणी तपासणीच्या कागदावर फ्लोराइडचा आकडा असतो, आणि तो १.५ च्या आत दिसला की कागद फाईलमध्ये जातो. तो जाण्याआधी त्याच कागदावरचे कॅल्शियम, सोडियम, बायकार्बोनेट आणि सामू हे आकडे वाचा. फ्लोराइड १.२ आहे, पण कॅल्शियम दहाच्या खाली आणि सोडियम चढतं आहे, तर तो स्रोत मर्यादेकडे निघालेला असू शकतो. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, दोन्ही वेळा नमुना घ्या, बोअरची खोली लिहून ठेवा आणि मागच्या वर्षीचा कागद शेजारी ठेवून पाहा. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाला हे काम येतं. झिर्कोनियम-अॅलिझरिनचा लाल रंग फ्लोराइडमुळे पिवळट होत जाताना आठवीतली मुलंही पाहू शकतात. त्या रंगावरून अंदाज येतो, आणि ज्या नमुन्यात शंका वाटेल तो त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा.